दूधगंगेच्या अलीकडे एकवीस, पलीकडे अठरा

बेळगावहून पुणे-बंगळूर महामार्गाने कोल्हापूरकडे निघाले की निपाणी मागे पडते, कोगनोळीचा नाका येतो आणि पाठोपाठ दूधगंगा. नदी ओलांडली की कागल तालुका, म्हणजे महाराष्ट्र. मे २०२५च्या अखेरीपासून या नदीच्या दोन काठांवर तंबाखूसाठी दोन वेगळी वये आहेत. अलीकडे, कर्नाटकात, एकवीस वर्षे पूर्ण न झालेल्या कोणालाही विडी, सिगारेट किंवा तंबाखूची पुडी विकणे गुन्हा ठरते. पलीकडे अठरा पूर्ण झाली की पुरे.

निपाणीकरांना तर नदीही ओलांडावी लागत नाही. गावाला खेटून असलेले अर्जुननगर कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागल तालुक्यात मोडते. तिथल्या देवचंद कॉलेजात निपाणीची मुले शिकतात. घर कर्नाटकात आणि विद्यापीठ कोल्हापूरचे. अशा एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याला घराजवळच्या पानपट्टीवर सिगारेट मिळू नये, असे एक कायदा सांगतो. कॉलेजच्या बाजूला, आवारापासून शंभर वार पुढे गेल्यावर ती मिळायला दुसऱ्या कायद्याची हरकत नाही. सीमाप्रश्नावर आपण जवळपास सत्तर वर्षे बोलतो आहोत. पाट्या, शाळा, भाषा, सातबारा यांवर इकडे बेळगावच्या वडगावात घरोघर चर्चा होते. या फरकाबद्दल मात्र कुणी बोलताना दिसत नाही. आणि तो पडला आहे नेमका त्या पट्ट्यात, जिथे तंबाखू पिकते, वखारीत कुटली जाते आणि गाडीत भरून देशभर जाते.

तंबाखू या मुलखाला जुनी आहे. पोर्तुगीजांबरोबर ती पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि घाट चढून आदिलशाहीत आली. इ.स. १६०४च्या सुमारास अकबर बादशहाचा वकील असद बेग विजापूरच्या दरबारात आला, तेव्हा तिथे ही नवी वस्तू त्याच्या पाहण्यात आली. परत जाताना तो तंबाखू आणि ती ओढायचे सुंदर साहित्य बादशहासाठी घेऊन गेला. अकबराने ती ओढून पाहिली, त्याच्या हकिमाने विरोध केला, दरबारात वाद झाला. हे सगळे असद बेगने स्वतःच लिहून ठेवले आहे. पुढे १६१७ मध्ये जहांगीरने तंबाखू ओढण्यावर बंदी घातली. तिचा परिणाम काहीच झाला नाही. बेळगाव तेव्हा आदिलशाहीतच होते, म्हणजे आग्र्याला पोचण्याआधी ही सवय आपल्या वाटेवरून गेली.

निपाणी भागात मात्र तंबाखू सवय म्हणून राहिली नाही, ती पीक झाली. काळी जमीन, पावसाळ्यानंतर टिकणारी ओल आणि हिवाळ्यातली थंडी विडीच्या तंबाखूला मानवली. गुजरातेतला चरोतर आणि आपली निपाणी ही या तंबाखूची देशातली दोन मोठी ठिकाणे. पावसाळ्यात रोप तयार करायचे, लावण करायची, शेंडे खुडायचे, पुन्हा पुन्हा फुटवे काढायचे, पान जाड होऊ द्यायचे आणि संक्रांतीच्या पुढेमागे कापून उन्हात वाळवायचे. शेतकऱ्याचे काम इथे संपते आणि वखारीतल्या बायकांचे सुरू होते. कुटणे, पाखडणे, चाळणे. दिवसभर भुकटी नाकातोंडात जाते. निपाणीत पिठाची गिरणी चालवत लिहिणारे कथाकार महादेव मोरे यांनी या बायकांचे जगणे मराठी साहित्यात आणले. दीपा धनराज आणि युगांतर या गटाने १९८२ मध्ये त्यांच्या संघटनेवर ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ हा माहितीपट केला. आज मुलांच्या आरोग्यासाठी कायदा करताना सगळ्यात आधी आठवायला हवीत ती या बायकांची मुले. आई वखारीत असताना ती तिथेच, तंबाखूच्या पोत्यांच्या आडोशाला वाढली.

या पिकाकडे सरकारने पहिल्यांदा पाहिले ते महसूल म्हणून. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, ब्रिटिश सरकारने तंबाखूवर अबकारी कर बसवला. स्वतःच्या शेतातल्या पानाचा हिशेब शेतकऱ्याला अबकारी खात्याला द्यावा लागू लागला. स्वातंत्र्यानंतरही हा कर राहिला आणि कच्च्या तंबाखूवरून तो उठला १९७९ मध्ये. दरम्यान १९७५ मध्ये संसदेने तंबाखू मंडळाचा कायदा केला. पण मंडळाचे लक्ष सिगारेटच्या व्हर्जिनिया तंबाखूवर होते. म्हैसूरकडच्या हुणसूर, पिरियापट्टणच्या शेतकऱ्याला पुढे मंडळाचा लिलाव मिळाला. निपाणीचा विडीचा पाला व्यापाऱ्याच्या मर्जीवर राहिला. भाव तो सांगेल तो, पैसे तो देईल तेव्हा.

त्यातून १९८१ उभे राहिले. शरद जोशींची शेतकरी संघटना चाकणचा कांदा आणि नाशिकचे ऊस-कांदा आंदोलन यांमुळे नुकतीच सगळीकडे माहीत झाली होती. निपाणीत प्रा. सुभाष जोशी वखारीतल्या बायकांना संघटित करत होते. १४ मार्च १९८१ला तंबाखूचे शेतकरी भावासाठी महामार्गावर येऊन बसले. हजारो माणसे रस्त्यावर राहिली, तिथेच जेवली, तिथेच झोपली; त्या जागेला आंदोलननगर हे नाव पडले. देशाचा एक मुख्य रस्ता तीन आठवड्यांहून अधिक काळ बंद राहिला. मराठी बोलणारा आणि कन्नड बोलणारा शेतकरी मांडीला मांडी लावून बसला होता आणि वखारीतल्या बायका त्यांच्या बाजूने होत्या. या भागात असे दृश्य आधी फारसे कुणी पाहिले नव्हते. ६ एप्रिलला पोलिसांनी नेत्यांना अटक केली, जमावावर लाठ्या चालवल्या, अश्रुधूर सोडला आणि शेवटी गोळीबार केला. बारा शेतकरी मारले गेले. निपाणीत ६ एप्रिल हा आजही हुतात्म्यांचा दिवस आहे.

ते शेतकरी तंबाखू पिकवत होते, म्हणून त्यांच्या मरणाचे मोल कमी होत नाही. उलट, तंबाखूविरोधी कायद्याबद्दल बोलताना हे बारा जण विसरले, तर आपण अर्धाच इतिहास सांगतो.

मुलांना तंबाखूपासून दूर ठेवण्याचा विचार मात्र याहून जुना आहे. इंग्लंडने १९०८च्या बालकायद्यात सोळा वर्षांखालच्या मुलांना तंबाखू विकायला मनाई केली. त्याच धर्तीवर पंजाबात १९१८ मध्ये आणि बंगालमध्ये १९१९ मध्ये अल्पवयीनांच्या धूम्रपानाविरुद्ध कायदे झाले. ते कागदावर राहिले आणि विस्मरणात गेले. स्वतंत्र भारताने १९७५ मध्ये सिगारेटच्या पाकिटावर इशारा छापण्याची सक्ती केली. विडीला आणि तंबाखूच्या पुडीला त्यातून सूट होती. निपाणीचा माल ज्या गरीब माणसाच्या हातात जात होता, त्याला इशारा मिळालाच नाही.

नव्वदीच्या दशकात राज्ये जागी झाली. दिल्लीने १९९६ मध्ये, गोव्याने १९९७ मध्ये आपापले कायदे मंजूर केले. गोव्यात कर्करोगाचे शल्यचिकित्सक डॉ. शरद वैद्य यांनी या कामाला वाहून घेतले होते. मुंबईचे नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ला सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी घातली. कर्नाटकानेही त्याच सुमारास धूम्रपानबंदीचा आपला कायदा केला. मग २००३ मध्ये संसदेने सिगारेट आणि इतर तंबाखू उत्पादनांचा कायदा केला, आणि त्यात पहिल्यांदा विडी, जर्दा, गुटखा, सिगारेट सगळे एका छताखाली आले. कलम ६ने दोन गोष्टी सांगितल्या. अठरा वर्षांखालच्या व्यक्तीला विक्री नाही आणि शैक्षणिक संस्थेपासून शंभर वारांच्या आत विक्री नाही. दुकानावर तशी पाटी लावायची. मोडल्यास दंड दोनशे रुपयांपर्यंत.

दोनशे रुपये २००४ मध्येही मोठी रक्कम नव्हती. वीस वर्षे ती तशीच राहिली. पाट्या लागल्या, काही ठिकाणी त्यांच्यावर धूळ बसली, काही ठिकाणी त्यांच्या पुढे पुड्यांच्या माळा लटकल्या. शंभर वार कुणी मोजायचे, हा प्रश्न शाळेचा की पोलिसांचा की पालिकेचा, यावर बराच काळ गेला.

वडगाव हे विणकरांचे गाव. आता ते बेळगाव शहरात मिसळले आहे, पण मागाचा आवाज अजून पुरता थांबलेला नाही आणि आषाढात मंगाईदेवीच्या यात्रेला सारे वडगाव लोटते. मागावर बसलेल्या माणसाला विडी परवडत नाही, सुताला ठिणगीचे भय असते. म्हणून इथे चुना मळून ओठाखाली बार भरण्याची रीत. बायकांत मिसरी. घरातल्या मोठ्यांचा बार संपला की हाक जायची ती पोराला: जा रे, एक पुडी आण. सुटे पैसे हातात, दुकान चार घरांवर, दुकानदार ओळखीचा. पोराने कधी तोंडात घातली नसेल, पण ती कुठे मिळते, किती रुपयाला मिळते, चुन्याची डबी कोणती, हे त्याला दहाव्या वर्षी पाठ. तंबाखूची खरी ओळख मुलांना दोस्तांकडून होते, असे समजले जाते. आमच्याकडे ती बहुतेक वेळा बापाने आणि आजीने करून दिली, तीही प्रेमाने, कामाला पाठवून. कायद्याने ही विक्री २००४ पासूनच गुन्हा आहे. पुडी कोणासाठी नेतोस, हे कायदा विचारत नाही, नेणाऱ्याचे वय विचारतो. बाल न्याय कायद्याचे २०१५चे कलम ७७ तर आणखी पुढे जाते. मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम किती घरांना माहीत आहे?

सीमेवर कायदा वेगळा असला की काय होते, याचा धडा आपल्याला गुटख्याने दिला. महाराष्ट्राने २००२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या घोडावत पान मसाला कंपनीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये ती रद्द केली. अन्नसुरक्षेच्या नव्या नियमांनी २०११ मध्ये खाद्यपदार्थांत तंबाखू आणि निकोटिन मिसळायला मनाई केली, तेव्हा पुन्हा वाट मोकळी झाली. महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये गुटखा बंद केला. कर्नाटकाची बंदी आली ती मे २०१३च्या अखेरीस. मधले दहा महिने कागलात जे बेकायदा, ते निपाणीत राजरोस. दुचाकीच्या डिकीत मावेल एवढ्या पुड्यांचा धंदा या महिन्यांत वाटा शिकला, आणि पुढे दोन्हीकडे बंदी आल्यावरही त्या वाटा बुजल्या नाहीत. शिवाय पान मसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत, अशी जोडी सगळीकडे मिळू लागली. मुलांनी ती दोन मिनिटांत शिकून घेतली.

सुट्या सिगारेटचेही असेच झाले. कर्नाटकाने सप्टेंबर २०१७ मध्ये सुटी विक्री बंद केली, महाराष्ट्राने सप्टेंबर २०२०मध्ये. पोराच्या खिशात पाकिटाचे पैसे नसतात, एका सिगारेटचे असतात. शिवाय सुट्या सिगारेटबरोबर पाकिटावरचे चित्र हातात येत नाही. म्हणून ही बंदी फार महत्त्वाची होती आणि तिची अंमलबजावणी सगळ्यात ढिली राहिली.

पाकिटावरच्या चित्रांचा लढाही लांबला. ती मे २००९च्या अखेरीस आली आणि एप्रिल २०१६पासून पाकिटाचा ८५ टक्के भाग व्यापू लागली. त्याआधी २०१५ मध्ये आपल्याच अहमदनगरचे खासदार दिलीप गांधी ज्या संसदीय समितीचे अध्यक्ष होते, तिने हा निर्णय लांबणीवर टाकायला सांगितले. तंबाखूने कर्करोग होतो याचा भारतीय अभ्यास कुठे आहे, असा त्यांचा सवाल होता. त्याच्या थोडे आधी, १६ फेब्रुवारी २०१५ला, सांगली जिल्ह्याचे आर. आर. पाटील तोंडाच्या कर्करोगाने गेले होते. शरद पवारांनी स्वतःच्या आजाराबद्दल आणि तंबाखूबद्दल जाहीरपणे सांगितले होते. पश्चिम महाराष्ट्राला यापेक्षा वेगळा पुरावा लागत नव्हता. पुढे देशभरच्या याचिका कर्नाटक उच्च न्यायालयाकडे आल्या. डिसेंबर २०१७ मध्ये न्यायालयाने ८५ टक्क्यांचा नियम रद्द केला आणि जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. चित्रे राहिली.

याचा काही उपयोग झाला का? झाला. तेरा ते पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांच्या देशव्यापी पाहणीत २००९ मध्ये १४.६ टक्के मुले कोणती ना कोणती तंबाखू वापरत होती. २०१९च्या पाहणीत हे प्रमाण ८.५ टक्क्यांवर आले. कर्नाटकात तर ते १.२ टक्के निघाले, देशातल्या सर्वांत कमी आकड्यांपैकी एक. पण त्याच कर्नाटकात २०१६-१७च्या पाहणीत प्रौढांपैकी २२.८ टक्के लोक तंबाखू घेत होते. म्हणजे शाळा सुटते आणि तंबाखू धरते ती मधल्या वर्षांत. कॉलेज, पहिली नोकरी, कारखान्याची पाळी, भाड्याची खोली. कायद्याचे अठरा वर्षांचे कुंपण नेमके तिथे संपत होते.

एकवीसचा विचार त्यातून येतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या नीडहॅम या छोट्या गावाने २००५ मध्ये तंबाखूविक्रीचे वय एकवीस केले. पुढच्या काही वर्षांत तिथल्या शाळकरी मुलांमधले धूम्रपान जवळपास निम्म्यावर आले, शेजारच्या गावांपेक्षा कितीतरी वेगाने. डिसेंबर २०१९मध्ये साऱ्या अमेरिकेने हेच वय स्वीकारले. यामागचे कारण साधे आहे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला सिगारेट आणून देतो तो अठरा वर्षांचा वर्गमित्र. एकवीस वर्षांचा माणूस त्याच्या वर्गात नसतो.

कर्नाटक विधानसभेने २१ फेब्रुवारी २०२४ला केंद्राच्या कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती करणारे विधेयक मंजूर केले. वय अठरावरून एकवीस, शैक्षणिक संस्थेच्या शंभर मीटरच्या आत विक्रीला मनाई, सुट्या विक्रीला मनाई, दोनशे रुपयांचा दंड एक हजारावर, आणि हुक्का बार चालवणाऱ्याला एक ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते एक लाख दंड. केंद्राच्या कायद्याहून वेगळे काही राज्याला करायचे असेल, तर राष्ट्रपतींची मंजुरी लागते. ती मे २०२५ मध्ये मिळाली आणि महिनाअखेरीस, तंबाखूविरोधी दिनाच्या तोंडावर, कायदा राजपत्रात आला.

हे विधेयक आणणारे आरोग्यमंत्री दिनेश गुंडूराव. १९८१ मध्ये निपाणीत गोळीबार झाला तेव्हा कर्नाटकाचे मुख्यमंत्री आर. गुंडूराव होते. दिनेश हे त्यांचे चिरंजीव. वडिलांच्या राजवटीचा हिशेब मुलाच्या नावावर मांडणे अन्यायाचे होईल, आणि हा कायदा चांगला आहे, हे मी निःशंकपणे म्हणतो. पण त्याच सरकारवर निपाणीचे एक जुने देणे आहे. तंबाखू पिकवणाऱ्याला आणि वखारीत कुटणाऱ्या बाईला दुसरे पोट भरण्याचे साधन देण्याची योजना या कायद्याबरोबर आली नाही. ऊस आणि सोयाबीनने गेल्या काही दशकांत तंबाखूची बरीच जमीन घेतली, ती शेतकऱ्याच्या स्वतःच्या हिशेबाने. वखारीतल्या बाईला मात्र ऊस काही देत नाही. दुसरीकडे जीएसटी परिषदेने सप्टेंबर २०२५मध्ये विडीवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणायचे ठरवले. एक सरकार विडीचे वय वाढवते आणि दुसरे तिची किंमत कमी करायला वाट देते. कामगारांच्या रोजगाराचे कारण सांगितले जाते. त्या कामगार बाईच्याच मुलाच्या हाती विडी स्वस्तात पडेल, हे सांगितले जात नाही.

अंमलबजावणीचा सगळा भार पुन्हा पानपट्टीवाल्यावर आहे. त्याने वय ओळखायचे कसे, तर ओळखपत्र मागून. वडगावात गिऱ्हाईक म्हणजे शेजाऱ्याचा मुलगा. त्याला आधार कार्ड माग, असे सांगणे सोपे नाही. तरीही ते मागायला हवे, आणि मागणाऱ्या दुकानदाराच्या पाठीशी गल्लीतल्या पंचांनी, यात्रा कमिटीने, युवक मंडळांनी उभे राहायला हवे. एक हजाराचा दंड टपरीवाल्याला जड आहे. पुड्या भरून गाडी पाठवणाऱ्याला तो काहीच नाही, त्याच्यापर्यंत हा कायदा अजून पोचलेलाच नाही.

सगळ्यात तातडीची गोष्ट महाराष्ट्राने करायची आहे. दूधगंगेच्या पलीकडे वय अठराच राहिले, तर गुटख्याचे दहा महिने उलट्या दिशेने पुन्हा होतील. फरक एवढाच की या वेळी माल पलीकडून येईल आणि गिऱ्हाईक आमची मुले असतील. सीमाभागातल्या मराठी माणसासाठी विधानसभेत ठराव करणाऱ्या महाराष्ट्राने, आमच्या मुलांसाठी आणि स्वतःच्या मुलांसाठीही, वय एकवीस करण्याचे विधेयक आणावे. कर्नाटकाला विधेयकापासून राजपत्रापर्यंत सव्वा वर्ष लागले. तेवढाच वेळ महाराष्ट्रालाही लागणार असेल, तर सुरुवात येत्या अधिवेशनात करावी. आणि तोवर वडगावात, निपाणीत, कागलात, कुठल्याच घराने पोराला पुडी आणायला पाठवू नये.